‘नॉक्ड अप’: हसलं कोण, खटकलं कुणाला

दिग्दर्शक जड ॲपटॉवचा ‘नॉक्ड अप’ १ जून २००७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्यावर इतकी वर्षं वाद चालेल असं कुणाला वाटलं नसावं. साधारण तीन कोटी डॉलरमध्ये केलेला विनोदी सिनेमा. एकट्या अमेरिकेत त्यानं पंधरा कोटींच्या जवळपास गल्ला जमवला, जगभरची बेरीज एकवीस कोटींच्या पुढे गेली. समीक्षकही बहुतेक खूश होते. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं वर्षातल्या दहा सिनेमांत त्याला बसवलं, तेही ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ आणि ‘देअर विल बी ब्लड’च्या पंगतीत. आणि वर्ष सरायच्या आत याच सिनेमाची नायिका एका मासिकाच्या मुलाखतीत म्हणून गेली, की हा सिनेमा मनापासून आवडून घेणं आपल्याला जड जातं.

या सिनेमावरची मतं चाळायला घेतली की पहिली अडचण ही, की तक्रारी एकमेकींच्या उलट्या आहेत. कुणाला तो गर्भपाताविरुद्धचा छुपा प्रचार वाटतो, कुणाला निव्वळ वाह्यातपणा. कुणी म्हणतं बायकांना कजाग रंगवलंय, कुणी म्हणतं पुरुषांना बिनडोक. आणि या सगळ्यांच्या मधे एक मोठा वर्ग असा, जो थिएटरात पोट धरून हसला आणि घरी आल्यावर ज्याला काहीतरी खटकत राहिलं. माझी गणती या शेवटच्या वर्गात करावी.

गोष्ट थोडक्यात सांगायची तर, ॲलिसन स्कॉट (कॅथरीन हायगल) ही लॉस एंजेलिसमध्ये ‘ई!’ या मनोरंजन वाहिनीत काम करते. तिला कॅमेऱ्यासमोर यायची बढती मिळते, ती साजरी करायला ती बहिणीबरोबर क्लबात जाते आणि तिथे तिला बेन स्टोन (सेथ रोगन) भेटतो. बेन कॅनडाचा. शाळेत असताना टपालाच्या गाडीनं धडक दिली त्याची नुकसानभरपाई तो अजून पुरवून पुरवून खातोय. चार मित्रांबरोबर राहायचं, गांजा ओढायचा आणि कुठल्या सिनेमात कुठली नटी कितव्या मिनिटाला कपडे उतरवते याची यादी देणारी वेबसाइट काढायची, एवढाच त्याचा उद्योग. एक रात्र, दारू, आणि आठ आठवड्यांनी ॲलिसनला जेम्स फ्रँकोची मुलाखत घेता घेता मळमळायला लागतं.

ती रात्रच अनेकांना पटली नाही. बेन निरोधाशी झटापट करतोय, ती वैतागून ‘चल ना आता’ अशा अर्थाचं काही बोलते, तो त्याचा सोयीचा अर्थ लावून निरोध भिरकावून देतो. इतकी सुशिक्षित, करिअरची चाड असलेली मुलगी इतकी बेसावध कशी, असा सवाल तेव्हा बराच विचारला गेला. हा आक्षेप मात्र मला सर्वांत लेचापेचा वाटतो. गटमाखर इन्स्टिट्यूटच्या आकडेवारीप्रमाणे २००६ साली अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या गर्भधारणा न ठरवता झालेल्या होत्या. ॲलिसनचं जे झालं ते त्या देशात अगदी सर्रास घडत होतं.

खरी पंचाईत पुढच्या आकड्यात आहे. अशा न ठरवलेल्या गर्भधारणांपैकी, आपोआप पडलेल्या सोडल्या तर, दहातल्या चारांहून अधिक गर्भपातात संपत होत्या. म्हणजे ॲलिसनच्या जागी असलेली बाई निदान या पर्यायावर रात्र जागवणार, कुणाशी तरी बोलणार, हे उघड आहे. सिनेमा हा प्रश्न कसा हाताळतो ते जरा जवळून बघण्यासारखं आहे.

दोन प्रसंग आहेत. एकात ॲलिसन आईबरोबर जेवायला बसलीय. आई (जोआना कर्न्स) शांतपणे, मेनूकार्ड बघावं तशा सुरात सांगते, की हे उरकून टाक, आत्ता ही वेळ नाही. नात्यातल्या एका मुलीचा दाखलाही देते: तिनं तसंच केलं आणि आता तिला ‘खरं’ मूल आहे. हे ‘खरं’ ऐकताना ॲलिसनचा चेहरा असा होतो, की प्रेक्षक तिथल्या तिथे आईच्या विरोधात जातो. दुसरा प्रसंग बेनच्या घरातला. जोना हिलचं पात्र तोच सल्ला देतं, पण ‘गर्भपात’ हा शब्द उच्चारायचं टाळून त्याच्याशी यमक जुळणारा एक विचित्र शब्द बनवतं, आणि जे बरुशेलचं पात्र कानांवर हात ठेवायच्या बेतात येतं. थिएटरात इथे हशा. पुढे बेन वडिलांशी बोलतो (वडील म्हणजे हॅरल्ड रेमिस, आणि त्या छोट्याशा भूमिकेत काय गोड माणूस दिसतो!), वडील नातवंडाच्या बातमीनं हरखून जातात. आणि मग ॲलिसनचा बेनला फोन येतो, की मी मूल ठेवतेय.

फोन येतो, पण त्याच्या आधीची ॲलिसन आपल्याला दिसतच नाही. आई बोलली, मित्र बोलले, बाप बोलला. जिच्या पोटात मूल आहे तिला या प्रश्नावर विचार करायला पटकथेनं एक मिनिटसुद्धा दिलेलं नाही. सिनेमा दोन तास नऊ मिनिटांचा आहे. त्यात लास व्हेगासला जाऊन, नशेचे मशरूम खाऊन, हॉटेलच्या खोलीतल्या खुर्च्या बघत बसलेल्या दोन पुरुषांना भरपूर वेळ आहे.

‘तिनं गर्भपात का केला नाही?’ असं विचारणाऱ्यांना चाहत्यांचं ठरलेलं उत्तर होतं: केला असता तर सिनेमा वीस मिनिटांत संपला असता. हे उत्तर बिनतोड आहे, फक्त ते चुकीच्या प्रश्नाचं आहे. मूल ठेवण्याचा हक्क ॲलिसनला आहेच, आणि अशा बायकांच्या गोष्टी सांगायलाही काही हरकत नाही. आक्षेप निर्णयावर नव्हता, तो पडद्याआड झाला यावर होता. आणि कित्येकांनी तो मांडताना गफलत केल्यामुळे चाहत्यांचं फावलं.

काळही नाजूक होता. सिनेमा यायच्या सहा आठवडे आधी, १८ एप्रिल २००७ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताच्या एका पद्धतीवरची केंद्रीय बंदी पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली होती. त्याच वर्षी मे महिन्यात एड्रियन शेलीचा ‘वेट्रेस’ आला. त्यातली नायिका छळवादी नवऱ्यापासून गरोदर राहते, मूल नकोसं असूनही ठेवते. डिसेंबरात ‘जूनो’ आला: मिनेसोटातली सोळा वर्षांची मुलगी, क्लिनिकपर्यंत जाते, दाराशी निदर्शनं करणारी वर्गमैत्रीण ‘बाळाला नखं असतात’ असं सांगते, आणि जूनो परत फिरते, मूल दत्तक द्यायचं ठरवते. एकाच वर्षात तीन सिनेमे, तिन्हीत मूल जन्माला येतं. हॉलिवूडनं सूर बदलला की काय, अशी चर्चा व्हायचीच.

तीन सिनेमे म्हणजे कट नव्हे. ‘जूनो’ची लेखिका डायब्लो कोडी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूची, पण तिच्या जुन्या कॅथलिक शाळेकडून तिला ‘जीवनाच्या बाजूचा’ सिनेमा लिहिल्याबद्दल आभाराचं पत्र आलं आणि ती हादरली, असं तिनंच पुढे सांगितलंय. लेखकाला जे म्हणायचं असतं ते तिकीट काढणारा ऐकेलच याची हमी नसते. तरी ‘जूनो’नं आपल्या नायिकेला क्लिनिकच्या खुर्चीत बसवून तिथली खरखर, टकटक तिच्या कानानं ऐकवली. ‘नॉक्ड अप’च्या मानानं ते खूपच झालं.

आणि मुख्य धारेतल्या अमेरिकन विनोदी सिनेमाला हा विषय कधीच झेपला नव्हता असंही नाही. १९४४ साली सेन्सॉरच्या कडक नियमावलीच्या नाकावर टिच्चून प्रेस्टन स्टर्जेसनं ‘द मिरॅकल ऑफ मॉर्गन्स क्रीक’मध्ये सैनिकांच्या निरोपसमारंभानंतर गरोदर राहिलेली, नवऱ्याचं नावही न आठवणारी मुलगी दाखवली होती. १९८२ च्या ‘फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय’मध्ये पंधरा वर्षांची स्टेसी गर्भपात करून घेते. सोबत यायचं कबूल केलेला मुलगा येत नाही. तिचा भाऊ तिला घ्यायला येतो, फारसं विचारत नाही. एमी हेकरलिंगनं ते प्रकरण कसल्याही गाजावाज्याशिवाय उरकलंय. पंचवीस वर्षांनी ॲपटॉवला तो शब्द यमकात लपवावा लागावा, ही पीछेहाट मला महत्त्वाची वाटते.

परंपरावादी मंडळींनी सिनेमा डोक्यावर घेतला असं म्हणावं तर तेही अर्धंच खरं. मूल ठेवणं, बापानं जबाबदारी घेणं, गांजा सोडून नोकरी धरणं, हे सगळं त्यांना रुचलं. पण त्यासाठी शिव्या, नग्नता, अमली पदार्थ आणि लग्नाआधीचा संग हे सगळं गिळावं लागत होतं. शिवाय बेन रिकामी अंगठीची डबी पुढे करून मागणी घालतो तेव्हा ॲलिसन नाही म्हणते, आणि सिनेमा संपतो तेव्हाही दोघांचं लग्न झालेलं नसतं. डावीकडच्यांना तो उजवीकडचा वाटला, उजवीकडच्यांना घरच्यांसोबत बघायची सोय नव्हती.

आता दुसरं भांडण: तिला त्याच्यात दिसलं काय? ‘द न्यूयॉर्कर’मध्ये डेव्हिड डेनबीनं जुलै २००७ मध्ये यावर एक लांबलचक, गाजलेला लेख लिहिला. त्याचा मुद्दा असा, की १९३० च्या दशकातल्या प्रणयविनोदात दोघंही तोडीस तोड असायची, जिभेला जीभ भिडायची. आताच्या सिनेमात एक आळशी, न वाढलेला पोरगा असतो आणि एक कर्तबगार मुलगी, आणि मुलीचं काम काय तर त्याला माणसात आणायचं. हे निदान अचूक आहे. बेनला सुधारायला पटकथा जिवाचं रान करते. भूकंपाचा धक्का बसल्यावर ॲलिसनच्या आधी आपला बाँग सांभाळणारा हा माणूस शेवटी नोकरी धरतो, घर भाड्यानं घेतो, बाळंतपणावरची पुस्तकं वाचतो. ॲलिसनला कुठे पोहोचायचंच नाही. तिच्या वाटेतले काटे पटकथेनं आधीच वेचून ठेवलेत: राहायला बहिणीच्या आवारातलं घर आहे, आणि नोकरी जाईल या भीतीनं तिनं लपवलेलं पोट उघड झाल्यावर वाहिनीवाले उलट खूश होतात, गरोदर बायकांना ती आवडतेय म्हणे. त्याच वाहिनीचे साहेब लोक तिला बढती देताना ‘वजन कमी कर असं आम्ही म्हणत नाही, पण...’ असं गोडगोड बोलतात तो प्रसंग झोंबणारा होता. नंतर मात्र सिनेमा नोकरीच्या प्रश्नाची किंमत तिच्याकडून वसूलच करत नाही. गरोदर बाईला कामावर काय सोसावं लागतं हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांचं मन इथे सिनेमावरून उडालं.

पण सगळ्यांत जास्त धुरळा उडाला तो हायगलच्या त्या मुलाखतीनं. ‘व्हॅनिटी फेअर’च्या जानेवारी २००८ च्या अंकात ती म्हणाली, की सिनेमा थोडा स्त्रीद्वेष्टा आहे, बायका त्यात कजाग, विनोदाचं वावडं असलेल्या, ताठर दिसतात आणि पुरुष लाघवी, खेळकर. तिनं सिनेमातल्या कामाचा अनुभव चांगला होता हेही सांगितलं होतं, पण तेवढं कोण ऐकतं! ज्या ताटात जेवली त्यातच थुंकली, असा तिच्या नावानं शिमगा झाला. २००९ मध्ये हॉवर्ड स्टर्नच्या रेडिओ कार्यक्रमात ॲपटॉव आणि रोगननं तिच्या नव्या सिनेमाची टर उडवली. २०१६ मध्ये त्याच कार्यक्रमात जाऊन हायगलनं झाल्या गोष्टीबद्दल माफी मागितली. रोगननं त्यानंतर, तिनं माफी मागायची गरज नव्हती, अशा अर्थाचं म्हटलं. नायिकेनं सिनेमाबद्दल खरं मत दिलं आणि ‘अवघड बाई’ असा शिक्का बसला. तिच्यावर तुटून पडलेल्या कित्येकांना तेव्हा कळलंही नाही, की सिनेमातल्या बायकांविषयी ती जे म्हणत होती त्याचा पुरावा ते स्वतःच पुरवत होते.

ती बरोबर होती का? माझ्या मते, ॲलिसनपुरती होती. हायगलच्या वाट्याला विनोद आलेलाच नाही. हसवायचं काम पुरुषांकडे, आणि ते हसवत असताना डोळे वटारायचं काम तिच्याकडे. पण बहीण डेबी (लेस्ली मान) हिच्याबाबतीत हिशोब वेगळा लागतो. डेबी वचावचा बोलते, संशय घेते, नवऱ्याला टोचते. नवरा पीट (पॉल रड) रात्री गायब होतो म्हणून ती त्याच्या पाळतीवर जाते. बाहेरख्यालीपणा सापडेल म्हणून घरात घुसते तर हे महाशय मित्रांबरोबर काल्पनिक बेसबॉल संघ खेळत बसलेले. पुरुष प्रेक्षक इथे हसतात: बिच्चारा, एवढ्याचसाठी! डेबीला मात्र हे लफड्याहून वाईट वाटतं, आणि ती ते बोलूनही दाखवते, कारण नवऱ्याला तिच्यापासून दूर जाऊन जे हवंय ती दुसरी बाई नाहीये, तो नुसता निवांतपणा आहे. लग्न होऊन दहा वर्षं झालेल्या कुणालाही या प्रसंगात डेबीची बाजू घ्यावीशी वाटेल.

आणि तो क्लबच्या दाराचा प्रसंग. डेबी आणि पोट दिसू लागलेली ॲलिसन नटूनथटून रांगेत उभ्या. दारवान (क्रेग रॉबिन्सन) आत सोडत नाही. डेबी भडकते, त्याला नाही नाही ते बोलते. तो तिला बाजूला घेतो आणि हळू आवाजात कबूल करतो: तू सुंदर आहेस, पण तू इथल्या गिऱ्हाइकांच्या मानानं वयस्क आहेस, ही गरोदर आहे, आणि मला हे काम आवडत नाही. डेबी रस्त्याच्या कडेला बसून रडते. संपूर्ण सिनेमात बाईच्या वयाबद्दल, तिच्या किमतीबद्दल इतकं खरं दुसरीकडे काही नाही. लेस्ली मान ॲपटॉवची बायको, आणि पडद्यावरच्या डेबीच्या दोन मुली या दोघांच्या खऱ्या मुली. घरातलं भांडण लिहिताना ॲपटॉवच्या लेखणीला धार येते. परक्या मुलीच्या पोटातलं मूल लिहिताना ती बोथट होते. हा फरक मला त्याच्या ‘स्त्रीद्वेषा’पेक्षा जास्त सांगून जातो. पाच वर्षांनी त्यानं पीट आणि डेबीवरच ‘धिस इज ४०’ केला, तेव्हा त्याचा जीव कुठे होता ते स्पष्ट झालं.

पुरुषांचीही तक्रार होती, ती फार ऐकली गेली नाही. या सिनेमातले पुरुष म्हणजे वाढलेली पोरं, आणि बाप होणं म्हणजे मित्र, मौज आणि स्वतःची खोली या तिन्हींचा निरोप, हे चित्र किती जणांना आपलं वाटावं? माझ्या ओळखीतल्या दोनतीन तरुण बापांना सिनेमा बघून हसू आलं नाही, कंटाळा आला. त्यांना मूल झाल्यावर मित्र तुटलेले नव्हते, झोप तुटली होती.

बाळंतपणाच्या प्रसंगावर तर सिनेमा बनायच्या आधीपासून दुमत होतं. ॲलिसनच्या भूमिकेसाठी आधी ॲन हॅथवे ठरली होती. बाळ बाहेर येतानाचं चित्रण तिला कथेसाठी गरजेचं वाटलं नाही आणि ती बाजूला झाली. शेवटी नकली अवयव वापरून बाळाचं डोकं दिसू लागल्याचा क्षण दाखवला गेला. प्रेक्षागृहात त्यावर किंकाळ्या उठायच्या. मी त्या चित्रणाच्या बाजूचा आहे, कारण तोवर चाललेली सगळी गंमतजंमत शेवटी कुणाच्या शरीरावर येऊन ठेपते ते तिथेच दिसतं. बाळंतपणाच्या खोलीबाहेर बेन डेबीला अडवतो, ही जागा आता माझी आहे म्हणून ठणकावतो, आणि डेबी चक्क प्रभावित होते. यावरही दोन तट पडतात: कुणाला बेन इथे बाप झालेला दिसतो, कुणाला सख्ख्या बहिणीला हाकलणारा उपरा.

टीकेला ॲपटॉवनं मुलाखतींपेक्षा निर्मितीतून चांगलं उत्तर दिलं. ‘नॉक्ड अप’मध्ये वाहिनीतली खवचट सहकारी झालेल्या क्रिस्टन विगला त्यानं पटकथा लिहायला सुचवलं, त्यातून २०११ चा ‘ब्राइड्समेड्स’ आला. २०१२ पासून लीना डनमच्या ‘गर्ल्स’ मालिकेचा तो निर्माता होता, आणि तिच्या दुसऱ्याच भागात मैत्रिणी एकीच्या गर्भपातासाठी क्लिनिकात जमतात. थेट उत्तर मात्र बाहेरून आलं. २००७ च्या या लाटेला वैतागून जिलियन रोबस्पियरनं आधी लघुपट केला, मग २०१४ मध्ये पूर्ण लांबीचा ‘ऑब्व्हियस चाइल्ड’: विनोदी कार्यक्रम करणारी डोना (जेनी स्लेट), एका रात्रीची ओळख, आणि व्हॅलेंटाइन डेच्या दिवशीचा गर्भपात, ज्याला तो मुलगा फुलं घेऊन सोबत येतो. वीस मिनिटांत संपलं असतं म्हणणाऱ्यांना हे उत्तर होतं. अमेरिकेत त्यानं सुमारे तीस लाख डॉलर कमावले. थिएटरं मोजकी मिळालेल्या छोट्या सिनेमाशी ‘नॉक्ड अप’च्या आकड्यांची तुलना करून प्रेक्षकांचा कौल ठरवणं मात्र अन्यायाचं होईल.

आपल्याकडे याच विषयावरचा प्रणयविनोद दोन वर्षं आधीच आला होता. ‘सलाम नमस्ते’ (२००५) मध्ये नायक मूल नको म्हणतो, नायिका ठेवते, आणि ही बिनलग्नाची जोडी राहते मेलबर्नला. लोकलाजेची अडचण विमानाच्या तिकिटावर भागवली. ‘मुंबई-पुणे-मुंबई ३’ (२०१८) मध्ये ध्यानीमनी नसताना दिवस जातात ते रीतसर लग्न झालेल्या गौतम-गौरीला. त्याच वर्षी ‘बधाई हो’मध्ये तारुण्य ओलांडलेल्या आईला दिवस जातात, आणि शरमेनं काळेठिक्कर पडतात ते तिचे मुलगे. आपल्या या विनोदांत सगळ्यांना धास्ती शेजाऱ्यांची, कायद्याची कुणालाच नाही. त्याला कारणही आहे: आपला वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा, अमेरिकेत गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालाच्या दोन वर्षं आधीचा.

तो निकाल २४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. त्यानंतर तीन महिन्यांनी, २९ सप्टेंबरला, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भपाताची मुभा अविवाहित स्त्रियांनाही असल्याचा निर्वाळा दिला. ‘नॉक्ड अप’ आज पहिल्यांदा बघणाऱ्या अमेरिकन तरुणींना आईबरोबरचा तो जेवणाचा प्रसंग वेगळाच लागणार. २००७ मध्ये ती आई थंड काळजाची वाटली होती. आज तिच्या बोलण्यातला निर्धास्तपणा आधी जाणवतो. ॲलिसन लॉस एंजेलिसची, तिथे हा सल्ला आजही देता येतो. ती गर्भपातावर बंदी असलेल्या टेक्सासात राहत असती तर आई आधी विमानाची तिकिटं बघत बसली असती, आणि बेनच्या मित्रांचा तो यमकाचा विनोद इतक्या बिनधास्त हशावर निभावला नसता.